सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नदीला नेमकं कशापासून वाचवतं, आणि केंद्र असूनही नदी काळी का राहते?

प्रश्नाचे दोन भाग आहेत: शहराच्या सांडपाणी केंद्रामुळे नदीचं रक्षण कसं होतं, आणि केंद्र उभं असूनही खालच्या अंगाला नदी काळी आणि वासाची का दिसते? पहिल्याचं उत्तर पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये आहे. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा केंद्रात तयार होणाऱ्या गाळात सापडतं.

मैलापाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या हजारातल्या एका भागात विष्ठा, अन्नाचे कण, तेल, साबण, लघवीतला नायट्रोजन, मीठ असं सगळं येतं. यातले सेंद्रिय पदार्थ हे जिवाणूंचं अन्न. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि या खाण्याला जितका ऑक्सिजन लागेल तो आकडा म्हणजे बीओडी. नदीकडे ऑक्सिजनचा साठा फार नसतो. २० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला फक्त ७.५. माशांना नीट जगायला साधारण ५ लागतो. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा नदीला पाणी कमी असतं, तेव्हाच तिच्याकडे खर्चायला लिटरमागे दोन-अडीच मिलिग्रॅमच शिल्लक असतात.

आता हिशेब मांडू. पन्नास हजार वस्तीचं शहर घ्या. माणशी रोज सुमारे ५० ग्रॅम बीओडी सांडपाण्यात येतो, म्हणजे एकूण २,५०० किलो. माणशी २०० लिटर सांडपाणी धरलं तर प्रवाह दिवसाला १ कोटी लिटर, आणि त्यातला बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम. हे पाणी तसंच सोडलं आणि नदीने लिटरमागे २ मिलिग्रॅम ऑक्सिजन द्यायचा ठरवला, तर रोज १२५ कोटी लिटर ताजं पाणी लागेल. तेच पाणी १० मिलिग्रॅम बीओडीपर्यंत आणून सोडलं तर रोजचा भार १०० किलोवर येतो आणि ५ कोटी लिटर पुरतं. नदी हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेत असते, ते यात धरलेलं नाही, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण १२५ आणि ५ या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच केंद्राचं काम.

ऑक्सिजन संपला की नदी मरते, असं आपण सहज बोलून जातो. खरं तर जिवाणू मरत नाहीत, फक्त त्यांची जात बदलते. ऑक्सिजन नसताना सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तो लोहाशी मिळून काळं लोह सल्फाइड बनतं. नदीचा काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास ही दोन्ही ऑक्सिजन शून्यावर गेल्याची खूण आहे. शिवाय ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो सांडपाणी जिथे सोडतात त्या तोंडाशी नाही. जिवाणूंना खायला वेळ लागतो, म्हणून नीचांक बराच पुढे, कधी एक-दोन दिवसांच्या प्रवाहाइतक्या अंतरावर येतो. ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये या घसरणीचं गणित मांडलं, ते आजही वापरतात. म्हणून फक्त सोडण्याच्या जागेवर नदीचं पाणी तपासून निर्धास्त होणं चूक आहे.

केंद्र जे करतं ते निसर्गाहून वेगळं नाही. नदीत कित्येक किलोमीटरवर पसरून जे खाणं चाललं असतं, ते टाकीत, विकत घेतलेल्या हवेवर, काही तासांत उरकायचं. हे काही तासांत कसं जमतं याचा शोध १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जाहीर केला. त्यांनी सांडपाण्यात हवा सोडली, गाळ बसू दिला, वरचं पाणी काढलं, पण गाळ टाकला नाही. त्याच गाळावर पुन्हा नवं सांडपाणी ओतलं. दर फेरीला शुद्धीकरणाचा वेळ घटत गेला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचे पुंजके. आजची बहुतेक केंद्रं, त्यांची नावं काहीही असोत, याच तत्त्वावर चालतात.

सुरुवातीचे टप्पे थोडक्यात. आधी २० ते ५० मिलिमीटर फटीची जाड जाळी, मग ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. चिंध्या, प्लॅस्टिक, केसांचे गुंते इथेच अडले पाहिजेत, नाहीतर पुढे पंपाच्या पंख्यात अडकतात. त्यानंतर वाळूची टाकी. प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास ठेवला की ०.२ मिलिमीटरपर्यंतची वाळू बसते आणि हलके सेंद्रिय कण पुढे जातात. वेग कमी झाला तर वाळूबरोबर मैलाही बसून सडतो, जास्त झाला तर वाळू पुढे जाऊन हवेच्या टाकीच्या तळाशी साचते आणि तिथले डिफ्यूझर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या चकत्या किंवा नळ्या, गाडते. काही केंद्रांत यानंतर प्राथमिक निवळण टाकी असते. दोन-अडीच तासांत तिथे निम्म्याहून थोडे अधिक तरंगते घन आणि पाव ते एक तृतीयांश बीओडी खाली बसतो, तोही हवेचा एक पैसा न खर्चता.

खरा मामला हवेच्या टाकीपासून सुरू होतो. आपल्या उदाहरणातल्या शहराला प्राथमिक टाकी नाही असं धरू. हवेची टाकी ७,००० घनमीटरची, म्हणजे पाणी तिच्यात सुमारे १७ तास राहतं. टाकीतल्या गाळाचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम. एकूण गाळ झाला साडेचोवीस टन. रोज २,५०० किलो अन्न आणि साडेचोवीस टन खाणारे, म्हणजे अन्न आणि गाळ यांचं गुणोत्तर ०.१. हा आरामाचा, स्थिर चालणारा पल्ला आहे. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन दीड ते २ मिलिग्रॅम राहिला पाहिजे.

हवा किती लागते? बीओडीसाठी आणि अमोनियासाठी मिळून या शहराला दिवसाला ४ टनांच्या आसपास ऑक्सिजन लागेल. एक घनमीटर हवेत ऑक्सिजन जेमतेम पाव किलोहून थोडा अधिक, आणि बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूझरमधूनही प्रत्यक्षात त्यातला १०-१५ टक्केच पाण्यात उतरतो. हिशेब तासाला ५,००० घनमीटर हवेवर जातो. केंद्राच्या विजेचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा ही हवा ढकलणारे ब्लोअर खातात, आणि म्हणूनच बिल कमी करायचं ठरलं की पहिला हात ब्लोअरच्या बटणावर जातो. रात्री ब्लोअर बंद आणि सकाळी तपासणीपुरते चालू, असं चाललं की गाळ काळसर पडतो, वास बदलतो, आणि ऑक्सिजनच्या टंचाईत तग धरणारे तंतुमय जिवाणू वाढतात. त्यांचा त्रास पुढच्या टाकीत दिसतो. हवा वाचवायची असेल तर ऑक्सिजन मीटरवरून ब्लोअरचा वेग कमी-जास्त करावा आणि फाटलेले, चोंदलेले डिफ्यूझर बदलावेत. पृष्ठभागावर एका जागी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर तिथला डिफ्यूझर फाटला आहे, आणि तिथली हवा वाया जाते आहे.

अमोनियाकडे बरेचदा दुर्लक्ष होतं, आणि नदीसाठी तो बीओडीइतकाच महत्त्वाचा आहे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरमागे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तसाच सोडला तर आपल्या शहराकडून नदीवर रोज सुमारे १,३७० किलो ऑक्सिजनचं जादा कर्ज चढतं, बीओडी १० असूनसुद्धा. दुसरं म्हणजे अमोनिया माशांना थेट विषारी आहे, आणि त्याचं विष नदीच्या पीएचवर अवलंबून असतं. २५ अंशाला पीएच ८ असेल तर अमोनियाचा सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. शेवाळाने भरलेल्या डोहात दुपारी पीएच ९ पर्यंत सहज जातो. सकाळी ठीक असलेले मासे दुपारी तडफडून वर येतात, त्यामागे कधी कधी हे कारण असतं.

अमोनिया खाणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. गाळ टाकीत पुरेसे दिवस राहिला नाही तर ते वाढण्याआधीच बाहेर फेकले जातात, आणि पाणी थंड असेल तर आणखी दिवस द्यावे लागतात. त्यांना क्षारताही, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, लागते: १ ग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. ३० मिलिग्रॅमसाठी २१० च्या वर झाले. पाण्यात मुळात तेवढी क्षारता नसेल तर पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि काम मंदावतं. ऑपरेटर हवा वाढवत राहतो, अमोनिया काही उतरत नाही, कारण अडचण हवेची नसतेच. अशा वेळी चुना किंवा सोडा घालण्याआधी बिनहवेचा कप्पा नीट चालतो का ते बघावं. हवेच्या टाकीतलं नायट्रेटयुक्त पाणी तिच्या आधीच्या बिनहवेच्या कप्प्यात परत फिरवलं की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, आणि निम्मी क्षारता व अर्ध्याहून जास्त ऑक्सिजन परत मिळतो. वीज वाचवण्याचा हा खरा मार्ग आहे, आणि नदीला नायट्रेटही कमी जातं. फॉस्फरस मात्र असा उडून जात नाही. तो गाळात बांधूनच काढावा लागतो, जिवाणूंच्या मदतीने किंवा तुरटी वा फेरिक क्लोराइड घालून. एक किलो फॉस्फरसवर सुमारे शंभर किलो सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. पुढे धरण किंवा तलाव असेल तर हा खर्च टाळू नये.

आता दुसरी निवळण टाकी, म्हणजे क्लॅरिफायर. नदीचं भवितव्य खरं इथे ठरतं. हवेच्या टाकीत सगळं उत्तम झालं आणि इथे गाळ बसला नाही, तर पाण्याऐवजी जिवाणूच नदीत जातात, आणि मेलेले जिवाणू हाही बीओडीच आहे. वाहून गेलेल्या गाळाच्या दर मिलिग्रॅममागे साधारण अर्धा मिलिग्रॅम बीओडी धरावा.

गाळ कसा बसतो हे पाहायला एक लिटरचं मोजपात्र पुरतं. हवेच्या टाकीतलं पाणी भरा, ३० मिनिटं हलवू नका, गाळाची उंची मिलिलिटरमध्ये वाचा. तिला १,००० ने गुणून एमएलएसएसने भागा. ३५० मिलिलिटर आणि ३,५०० मिलिग्रॅम असेल तर उत्तर १००, म्हणजे उत्तम. १५० च्या वर गेलं की गाळ फुगतोय. पण एवढ्यावर थांबू नका. गाळ हळू बसत असेल तर दुसऱ्या पात्रात अर्धं टाकीतलं आणि अर्धं क्लॅरिफायरमधून निवळून आलेलं पाणी घ्या. पातळ केल्यावर झटकन बसला तर टाकीत गाळ प्रमाणाबाहेर साठलाय, तो काढा. पातळ करूनही कापसासारखा तरंगत राहिला तर तंतुमय जिवाणू माजलेत. त्याचं कारण कमी ऑक्सिजन, आधीच सडून आलेलं सांडपाणी, किंवा खाद्य फार कमी पडणं यांत शोधा. तिसरी शक्यता अशी: गाळ छान बसला, पण पात्र तसंच तासा-दोन तासांनी पाहिलं तर ढेकळं बुडबुड्यांसह वर आलेली. हा नायट्रेटचा खेळ आहे: बिनहवेत त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि गाळाला वर उचलतो. गाळ क्लॅरिफायरच्या तळाशी फार वेळ पडून राहतोय; गाळ हवेच्या टाकीत परत नेणारा पंप वाढवा, खरडणाऱ्या पट्ट्या तपासा. तिन्ही ठिकाणी क्लॅरिफायरवर गाळच दिसतो आणि उपाय तीन वेगळे आहेत. न तपासता तिन्हींवर क्लोरीन ओतणं ही सर्रास होणारी चूक, त्यात चांगले जिवाणूही मरतात.

क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ लिटरमागे ८,००० मिलिग्रॅमपर्यंत घट्ट होत असेल, तर टाकीत ३,५०० टिकवायला येणाऱ्या प्रवाहाच्या ७५ ते ८० टक्के गाळ परत फिरवावा लागतो. आणि यातूनच जादा गाळ काढून टाकावा लागतो. या शहराच्या केंद्रात रोज सुमारे १,६०० किलो सुका गाळ नव्याने तयार होईल. तो २०० घनमीटर पातळ गाळाच्या रूपात रोज काढायचा, दाबून किंवा वाळवून घट्ट करायचा. २० टक्के घन असलेला केक झाला की वजन ८ टन. असं केलं तर टाकीतला गाळ सरासरी १५ दिवस राहतो.

माझं ठाम मत आहे की केंद्रं बिघडतात ती सर्वाधिक याच जागी. गाळ दाबण्याचं यंत्र नादुरुस्त, गाळाचे गोळे बांधणारं पॉलिमर संपलेलं, वाळवण्याचे वाफे पावसाने भरलेले, केक न्यायला गाडी नाही. मग गाळ काढणं थांबतं. टाकीत रोज लिटरमागे २३० मिलिग्रॅमची भर पडते आणि दोन आठवड्यांत एमएलएसएस दुपटीकडे जातो. सकाळी सात ते दहा, जेव्हा प्रवाह सर्वाधिक असतो, तेव्हा क्लॅरिफायरमधला गाळाचा थर कडेपर्यंत चढतो आणि तपकिरी पाणी नदीत उतरतं. दुपारी पाणी पुन्हा स्वच्छ. दुपारचा नमुना घेतला तर अहवाल उत्तम येतो. म्हणूनच नमुना २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला आणि ४ अंशाला थंड ठेवलेला हवा.

निवळलेलं पाणी आरशासारखं दिसलं तरी त्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू लाखांत असू शकतात, कारण मूळ पाण्यात ते कोटींत असतात. क्लोरीन द्यायचं तर सर्वाधिक प्रवाहालाही ३० मिनिटं संपर्क मिळाला पाहिजे. अमोनियाचं रूपांतर अर्धवट होऊन नायट्राइटवर अडकलं असेल तर १ ग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन ५ ग्रॅम क्लोरीन गिळतो, आणि मात्रा कितीही वाढवली तरी शेष क्लोरीन दिसत नाही. शेष क्लोरीन उरला तर तोही नदीत तसा जाऊ नये. माशांच्या कल्ल्यांना लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांशही घातक ठरतात. १ किलो क्लोरीनमागे साधारण दीड किलो सोडियम बायसल्फाइट तो मारतो. अतिनील दिव्यांना हा प्रश्न नाही, पण पाणी गढूळ असेल किंवा नळ्यांवर थर चढला असेल तर जिवाणू कणांच्या आड सुरक्षित राहतात.

केंद्राच्या भिंतीबाहेरही नदीचं बरंच काही ठरतं. पंपहाउसची वीज गेली आणि सांडपाणी तासभर थेट नाल्यात वाहिलं, तर १०० किलोहून जास्त बीओडी गेला. दिवसभराच्या शुद्ध केलेल्या पाण्यातून जेवढा जातो, तेवढाच हा एका तासात. पंपहाउसला जनरेटर आणि राखीव पंप नसणं याला म्हणूनच किरकोळ त्रुटी समजू नये. पावसाळ्यात गच्चीचं आणि रस्त्याचं पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरलं की प्रवाह तिप्पट होतो आणि गाळ वाहून जातो. अशा वेळी मैलापाणी हवेच्या टाकीच्या शेवटच्या भागात सोडलं तर पहिल्या भागातला गाळ वाचतो. सेप्टिक टाक्यांचे टँकर आणखी वेगळे. ५,००० लिटरचा, लिटरमागे ५,००० मिलिग्रॅम बीओडीचा एक टँकर म्हणजे ५०० माणसांचा दिवसभराचा भार दहा मिनिटांत. तो वेगळ्या टाकीत रिकामा करून रात्रीच्या कमी प्रवाहात थोडा थोडा सोडावा. कारखान्याचं आम्ल किंवा क्रोमियम आलं तर पहिला बळी अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचा जातो आणि ते पुन्हा जमायला आठवडे लागतात. मीठ, पुष्कळशी औषधं, विरघळलेले रंग या केंद्रात निघत नाहीत. ते उगमापाशीच अडवावे लागतात.

तुमच्या शहराचं केंद्र काम करतंय का हे पाहायचं असेल तर आधी प्रवाहाचा आकडा बघा. शहराच्या वस्तीला मिळणाऱ्या पाण्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास सांडपाणी केंद्रात यायला हवं. त्याच्या निम्मंच येत असेल तर उरलेलं नाल्यांतून थेट नदीत जातंय आणि केंद्र कितीही चांगलं असलं तरी उपयोग अर्धा. मग नदीतला ऑक्सिजन केंद्राच्या वर, खाली आणि आणखी काही किलोमीटर पुढे, सूर्योदयाआधी मोजा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच वापरतं, म्हणून पहाटेचा आकडा खरा. दगडांवर करडा, लोकरीसारखा थर आणि गाळात लाल अळ्याच अळ्या असतील तर तपासणी अहवाल काहीही म्हणोत, ऑक्सिजन वारंवार पडतोय.

शेवटी गाळाचं रजिस्टर मागा. वर धरलेल्या शहराने महिन्याला ४८ टन सुका गाळ बाहेर नेलेला दिसायला हवा. केक ओला की कोरडा यावर वजन फिरतं, म्हणून सुक्या वजनातच तुलना करा. नोंद ८ टनांची असेल तर ४० टन कुठे गेले? एमएलएसएस ३,५०० असताना टाकीत असतात जेमतेम पंचवीस टन. त्याच महिन्याच्या नोंदीत एमएलएसएस ३,५०० वरच स्थिर दाखवला असेल, तर ते ४० टन नदीत गेलेले आहेत.